उखाणा न सुचलेला कवी

श्रीरंग जर्मनीत कार्ल्सरूहेला पीएचडीसाठी आला तेव्हा सुलेखा पुण्यात शाळेत शिकवायची. तिची आठवण आली की तो कविता लिहायचा आणि फोनवर तिला पाठवायचा. "त्या कवितांमुळेच मी हो म्हटलं," असं ती मला लाजत सांगायची. नोकरी सोडून, लग्न करून ती इथे आली आणि कविता थांबल्या. दोन वर्षांत एक ओळसुद्धा नाही.

संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. इथे नवरेही येतात, कारण गाडी तेच चालवतात. बायकांची नावं घेऊन झाली तशी माझी मैत्रीण अरुंधती म्हणाली, "आता कविराज! आम्ही ओढूनताणून यमक जुळवलं, तुम्हाला काय अवघड?"

श्रीरंग उभा राहिला. सुलेखा तिळगुळाचं ताट हातात तसंच धरून त्याच्याकडे बघत होती. त्याला काही सुचेना. शेवटी त्याने फोनवर शोधून एक तयार उखाणा वाचला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर स्वयंपाकघरात सुलेखा मला म्हणाली, "ताई, मी पुण्याला जाते काही महिने."

"अगं, एवढ्यावरून?"

"मी समोर असले की त्याला सुचत नाही. लांब गेले तर लिहील."

मार्चमध्ये ती गेली. थोड्याच दिवसांत श्रीरंगने तिला नवी कविता पाठवली, ती तिने मलाही पाठवली. खरंच सुंदर होती. मी देवापुढे साखर ठेवली आणि तिला फोन केला, "लिहायला लागला गं! आता ये."

ती म्हणाली, "आता कशी येऊ, ताई?"