विहिरीतलं तांबं

आमच्या मॅडम दगड चाटायच्या. खोटं नाही सांगत. परभणीच्या एका कॉलेजात मी भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला आणि त्या तिथल्या प्राध्यापक. कुणी दगड आणून दिला की म्हणायच्या, "थांबा, आधी चाटून बघते." ओला झाला की दगडाचा रंग नीट दिसतो म्हणे. तुम्हीही पहिल्यांदा पाहिलं असतं तर दचकला असता. मी तर पाण्याचा ग्लास घेऊन धावलो होतो.

त्यांचा दुसरा ठरलेला शब्द म्हणजे "किती?" एखादं पोरगं म्हणालं, "मॅडम, यात लोखंड आहे," की लगेच, "असेल. पण किती?" चहावाला एकदा म्हणाला, चहात आलं घातलंय. त्यालाही तेच. बिचारा दुसऱ्या दिवसापासून मूठभर आलं ठेचायला लागला, आणि त्याचा फायदा आम्हा सगळ्यांना झाला.

त्या वर्षी वालूरजवळच्या आमच्या शेतात विहिरीचं काम चाललं होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोसंबीची रोपं आधी लावली आणि विहीर मागून काढली. आमच्या अण्णांचं सगळंच उलटं. खोदताना काळ्या दगडात हिरवे डाग दिसले, त्यांत लालसर चमकणारे कण. कुणीतरी म्हणालं, तांबं! झालं. अण्णांनी सुरुंग बंद केले, मजुरांना घरी पाठवलं आणि काठावर खाट टाकून पहाऱ्याला बसले.

"सुरुंगानं तांब्याचा चुरा होईल. खाण निघायलीय इथं, खाण!"

इकडे रोपांनी माना टाकल्या. आई हापशावरून घागरी वाहून आणायची आणि एकेका रोपाला ओंजळभर पाणी घालायची. तिच्याकडे बघवत नव्हतं.

मी मॅडमना सांगितलं. रविवारी त्या हातोडी आणि भिंग घेऊन हजर. क्रेनवाल्या पोराला मी बोलावून ठेवलं होतं. पदर खोचून त्या दगड उपसायच्या क्रेनच्या बकेटात बसल्या. अण्णा वरून ओरडले, "बाई, जपून! तांब्यावर पाय देऊ नका!"

मॅडमनी दगडाचा तुकडा वर आणला, चाटला, भिंगाखाली धरला. "अण्णा, खरंच तांबं आहे." अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "पण किती?"

"तुमीच सांगा की!"

"या पोकळीत नखाएवढं. मग हातभर कोरा दगड. मग पुन्हा तिळाएवढं. लाव्हा थंड झाल्यावर फटींत बसलेलं आहे हे. एवढ्यासाठी कुणी खाण काढत नाही."

अण्णा भडकले. "शिकलेल्या लोकांना आमचं चांगलं बघवत न्हाई. जा तुमी!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम मात्र गेल्या नाहीत. आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि अण्णांना घेऊन पुन्हा खाली उतरल्या. अण्णा बोट दाखवतील तिथला दगड त्या फोडायच्या आणि भिंग अण्णांच्याच हातात द्यायच्या. अण्णा बघायचे, पुन्हा बोट दाखवायचे. दुपार अशीच गेली. शेवटी अण्णा बोट दाखवायचे थांबले.

"ओढ्याच्या काठाला तांबडा थर उघडा दिसतो," मॅडम म्हणाल्या. "तोच या दगडाखाली लागेल. तिथे पाणी मिळू शकेल. खात्री देत नाही. पण असेच बसून राहिलात तर रोपं नक्की जातील."

अण्णा वर येऊन पुन्हा खाटेवर बसले. मॅडमना निरोपसुद्धा दिला नाही. दोनचार दिवसांनी मात्र स्वतःच खाट उचलली आणि मजुरांना बोलावणं धाडलं. तांबड्या थराशी पाणी लागलं. आईनं विहिरीत हळदकुंकू वाहिलं. मी कॉलेजात पळत जाऊन सांगितलं तर मॅडम विचारतात, "किती?" "मोटर चालेल एवढं," म्हणालो, तेव्हा चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. आज आमचं घर उभं आहे ते त्या बाईंमुळे. हे मी कुणालाही सांगतो.

मॅडमना नको ते बोललो, हे अण्णांना खात होतं. "पहिला बहार येऊ दे, मग जातो त्यांच्याकडं," म्हणायचे. बहार आला, पण त्याच्या आधीच्या पावसाळ्यात मॅडम गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं.

तरी अण्णा मोसंब्यांचं पोतं घेऊन परभणीला आलेच. मॅडमच्या बहिणीनं दार उघडलं. अण्णा फोटोसमोर बसले आणि पोत्यातल्या दोन मोसंब्या तिथं ठेवल्या. मग उठले, पोतं खांद्यावर घेतलं आणि गल्लीतल्या घराघरांत मोसंब्या वाटत निघाले. एका बाईनं विचारलं, "लय गोड वास येतोय. कुणाच्या बागेतल्या, काका?"

"मॅडमच्या," अण्णा म्हणाले, आणि पुढच्या दाराकडे वळले.