वास नसलेली बरणी

कलादालनात काचेच्या बरण्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीत कुणाच्या तरी घरची मूठभर माती होती. माझ्या चित्रकार मैत्रिणीने ती आम्हा ओळखीच्यांकडून मागून घेतली होती. झाकण उघडायचं, वास घ्यायचा, पुन्हा लावायचं. ओल्या मातीचा वास मातीचा नसतोच म्हणे. तिच्यातले जिवाणू तो सोडतात.

माझ्या बरणीला कसलाच वास नव्हता.

"माती भाजलीस का गं?" तिने विचारलं.

भाजली होती. तुळशीच्या कुंडीतली माती लोकांसमोर ठेवायची, तर स्वच्छ असावी म्हणून कढईत चांगली परतून घेतली होती.

"यात आता कुणीच नाही," ती हळूच म्हणाली.

घरी आले. अकरावा मजला, बाल्कनीला काचा, दाराशी जंतुनाशकाची बाटली. माझ्याशिवाय इथे कुणी जगू नये, अशी तजवीज मीच केलेली. बरणीत आणि या घरात फरक एवढाच, की इथलं झाकण उघडून बघायला कुणी येत नाही.

कुंडीतल्या ओल्या मातीत बोट खुपसलं आणि नाकाशी नेलं. वास होता! केवढं बरं वाटलं.

भानावर आले तेव्हा मी बेसिनपाशी उभी होते, आणि बोटाला साबण लागलेला होता.