कापसाच्या बर्फातला सिनेमा

माझ्या धाकट्या भावाला परग्रहावरच्या भयंकर सिनेमांचं वेड. दोन्ही किडन्या गेल्या, वेड काही गेलं नाही. डायलिसिसला आदिलाबादेत यायचा तेव्हाही मोकळ्या हातात फोन धरून तेच बघत पडायचा. एकदा म्हणाला, "ताई, आपणच एक काढू." गोठलेला ग्रह, पडलेलं यान, आणि बर्फाखालून काहीतरी येऊन एकेकाला ओढून नेतं.

"अन् बर्फ काय तुझा बाप आणून देईल?" मी म्हटलं.

"बाबांनीच आणला ना!"

खरंच की. जैनथकडच्या आमच्या घरी, भाव वाढायची वाट बघत, माजघरात आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता. मग काय, मोटारसायकलचं हेल्मेट घालून साहेब त्यात उतरले. त्याचे दोन दोस्त आधीच बर्फाच्या पोटात गेले होते. आईनं दारातच सगळ्यांच्या चपला काढायला लावल्या. कापूस म्हणजे लक्ष्मी, त्यावर चप्पल कशी चालेल? त्यामुळे आमचे अंतराळवीर बर्फात अनवाणी फिरले. मी शूटिंग करता करता हसून बेजार.

शेवटच्या प्रसंगात हा एकटा उरलेला, गळ्यापर्यंत बर्फात. वायरलेसवर पृथ्वीवरून आईचा आवाज येतो, "तुला न्यायला कोणी येणार नाही." एवढं एकच वाक्य आईला बोलायचं होतं.

आई बोलेना. "असं अभद्र बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते." समजावून समजावून थकलो. दरवेळी तिच्या तोंडून निघायचं, "थांब बाळा, आमी येऊन राह्यलो."

आधी तो हसला, मग चिडला, मग त्याचे डोळेच भरून आले. "काऊन असं करून राह्यली, आई? शेवटच बिघडते ना! माझ्या हातून एक तरी गोष्ट पुरी होऊ दे."

आईनं भिंतीकडे तोंड केलं आणि ते वाक्य बोलून टाकलं. कापसातून तो "ओके!" असा ओरडला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. इतका खूश मी त्याला आजारपणात कधी पाहिला नव्हता.

कापूस विकला गेला. सिनेमा त्यानं फोनवरच जोडला आणि येईल त्याला दाखवला. उन्हाळ्यात तो गेला. माझं काळीज फाटलं, पण आईचं काय झालं ते मला सांगता येत नाही. ती एकच धरून बसली, "मी बोलली, अन् वास्तूनं ऐकलं." मी रागावले. "आई, किडन्या खराब होत्या त्याच्या! डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं." मला तिचा राग यायचा आणि मग न्हाणीघरात जाऊन मीच रडायचे.

गेल्या महिन्यात ती आदिलाबादजवळ मावल्याला, माझ्या घरी आली. जेवण झाल्यावर रुमालात गुंडाळलेला त्याचा फोन काढला.

"यातलं माझं बोलणं बदलता येते का?"

"येतं ना," मी म्हणाले. रेकॉर्डिंग सुरू करून फोन तिच्यापुढे धरला. तिनं पदर नीट केला, डोळे मिटले.

"थांब बाळा," ती म्हणाली. "मी येऊन राह्यली. आता लवकरच येते तुझ्याजवळ."

फोन टाकून मी तिच्या तोंडावर हात दाबला.

"असं बोलू नको, आई," मी म्हणाले. "घर ऐकते."