काँक्रीटची साखर

काँक्रीट मिक्सरची गाडी चालवणाऱ्या मिक्सरकाकांना मधुमेह निघाला त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरातला साखरेचा डबा काकूंच्या ताब्यात. काकूंचा कारभार चोख. काकांचा चहा फिका, स्वतःच्या कपात मात्र दोन चमचे, आणि डॉक्टरांकडे जाताना कागद, चष्मा आणि काका, सगळं त्या स्वतः सांभाळून नेणार. काका कुरकुरायचे, पण आपल्यामागे कुणीतरी एवढं लागतं याचं त्यांना मनातून कौतुकच होतं.

अशा बाईला मागच्या आठवड्यात नवऱ्याच्या ड्यूटीच्या पिशवीत साखरेचे चार पुडे सापडले.

काकांनी खरं तेच सांगितलं. काँक्रीटचा माल प्लांटवरून निघाला की दोन तासांत कामावर ओतावा लागतो. वाटेत अडकलं तर तो गाडीच्या फिरत्या ड्रममध्येच घट्ट होतो. मग आत उतरून आठ-आठ दिवस फोडत बसायचं, गाडी उभी आणि चालक बिनपगारी घरी. साखर टाकली की माल वाया जातो, पण घट्ट होत नाही, ड्रम वाचतो. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काँक्रीटला साखर," त्या म्हणाल्या. "उद्या सिमेंटला खोकल्याचं औषध न्याल."

पुडे कपाटात गेले. पुन्हा साखर विकत घेणार नाही, असं काकांकडून कबूलही करून घेतलं. आणि दिलेला शब्द मोडायची अक्कल या माणसाला कधी आलीच नाही.

पूर्वी ही साखर वर्षातून एखाद्या वेळी लागायची. मग मोठ्या रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम निघालं आणि अर्धा रस्ता पत्र्यांच्या आड गेला. उरलेल्या अर्ध्यात दुकानांपुढे गाड्यांच्या दोन-दोन रांगा. बस वेळेवर येईना म्हणून लोकांनी गाड्या घेतल्या, आणि त्या गाड्यांमुळे बस आणखीच उशिरा यायला लागली. काकांच्या दिवसाला पाच फेऱ्या व्हायच्या, त्या तीनवर आल्या. भत्ता फेरीवर, त्यामुळे घरात हात आखडता. तिकडे कामावर वीस मजूर मालाची वाट बघत बसून. आणि काका माल न्यायचे तो त्याच पुलाला. कोंडी फुटावी म्हणून पूल, आणि कोंडीपायी पूल रखडलेला. हे ज्यांच्या डोक्यातून निघालं त्यांना एकदा काकांशेजारी बसवायला हवं होतं.

त्या मंगळवारी पुढे एक ट्रेलर आडवा झाला आणि सगळा रस्ता ठप्प. पावणेदोन तास झाले तसा ड्रमचा आवाज जड व्हायला लागला. काकांनी प्लांटवर फोन लावला. मॅनेजर म्हणाला, माल जाऊ दे, ड्रम वाचव. काकांचा हात सवयीनं सीटखालच्या पिशवीत गेला आणि रिकामाच परत आला. तसे ते उतरून कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे धावले. विकत नव्हे, मागून घ्यायला. त्यानं आख्खी बरणी हातात दिली.

त्याच कोंडीत मागच्या बसमध्ये काकू होत्या. कपाटातले चारही पुडे पिशवीत घालून त्या बहिणीला द्यायला निघालेल्या. खिडकीतून त्यांना आपला नवरा साखरेची बरणी छातीशी धरून पळताना दिसला. मग काय, बाई उतरल्या आणि गाड्यांमधून वाट काढत थेट मिक्सरपाशी पोहोचल्या. तोवर काका मागच्या शिडीवर चढून बरणी ड्रममध्ये उपडी करत होते.

खाली बघतात तो काकू. काकूंनी एकदा रिकाम्या बरणीकडे बघितलं, एकदा ड्रमकडे.

"पुरली का?" एवढंच त्यांनी विचारलं.

"नाही. अजून तीन-चार किलो तरी लागेल."

काकूंनी पिशवीत हात घातला. एकेक पुडा दातांनी फोडून त्या वर देत राहिल्या, काका ओतत राहिले. थोड्या वेळानं ड्रमचा आवाज हलका झाला. माल गेला, फेरी गेली, पण ड्रम वाचला.

दोघं केबिनमध्ये बसली. चहावाला दोन कप घेऊन आला. साखर संपली, फिकाच आहे, म्हणाला. काकूंनी घोट घेतला आणि कप खाली धरला.

"असला चहा सहा वर्षं पिताय तुम्ही?"

"तू करतेस ना," काका म्हणाले.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि मग सगळा कप संपवला.