डाव्या हाताचा ब्रेक

कापसाच्या जिनिंगच्या मशीनने किसनरावांच्या डाव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं नेली, त्याला जमाना झाला. पुढे खामगावची ती जिनिंगही बंद पडली. सायकल मात्र चालत राहिली, कारण तिचा ब्रेक जुना, सळ्यांचा. मुठीखाली लांब दांडी, कोणत्याही बोटांनी वर ओढा. किसनराव उरलेल्या दोन बोटांनी ओढत.

दर पौर्णिमेला ते सायकल ओट्याला टेकवत. गुडघे गेलेल्या जनकाबाई पांढरं लुगडं सावरून कॅरिअरवर बसत. मग उतारावरून दोघं खाली विहारात.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून प्रेमानंद आला आणि गुपचूप सायकल नवी करून घेऊन आला.

"बाबा, पाहा! वायरचे ब्रेक. नुसतं बोट लावा!"

"अन् जुन्या सळ्या?"

"भंगारात देल्ल्या. काऊन?"

किसनरावांनी मूठ धरून पाहिली. नवी दांडी आखूड, नेमकी नसलेल्या बोटांसमोर. पोरगा हाच हात धरून शाळेत गेला होता.

"काई नाई," ते म्हणाले. "मस्त हाय."

प्रेमानंद परत गेला. पौर्णिमेला उताराच्या तोंडाशी किसनरावांनी सायकल थांबवली.

"उतर."

"आता काय झालं? म्हातारे झाले का तुमी?"

"उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा. एकट्या त्यानं सायकल पुढं उलटते. तुले पाडू का?"

जनकाबाईंनी त्यांचा डावा हात ओढून दांडीवर ठेवला. बघत राहिल्या.

"पोराले सांगतलं काऊन नाई?"

"त्याचं तोंड पाह्यलं होतं का तू? कसं फुललं होतं!"

किसनरावांनी खामगावात सारी दुकानं पालथी घातली. तसल्या सळ्या कुणाकडेच नव्हत्या. एका दुकानदाराने तर हसून विचारलं, "काका, कोन्त्या जमान्यात हाय?"

पुढच्या पौर्णिमेला जनकाबाई लुगडं नेसून ओट्यावरच बसल्या. प्रेमानंदाचा फोन आला.

"आई, जाऊन आली विहारात?"

"हाव, आताच आलो. तुया बाबानं नेलं ना. तानाबाई भेटली, मंजुश्रीची पोरगी आल्ती. खीर वाटली..."

किसनराव खाली मान घालून ऐकत होते. तेवढ्यात खालून, विहाराच्या भोंग्यातून, आत्ता कुठे बुद्धवंदना सुरू झाली. जनकाबाईंनी झटकन पदराचा बोळा करून फोनवर दाबला.