मल्हारी संस्थानची दुनाळी

फ्रीगंजातल्या जयूवहिनी म्हणजे धास्तीचं दुसरं नाव. गॅसचं बटण बंद करून जिना उतरतील, परत चढतील, परत बघतील. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "वहिनींना टेंशन नसलं तर त्याचंच टेंशन येतं." वहिनीही हसायच्या. यंदा मात्र त्या हसत नव्हत्या. यंदाची धास्ती खरी होती आणि समोरच्या खोलीतल्या लोखंडी अलमारीत उभी होती. दुनाळी बंदूक.

बंदूक वहिनींच्या आजेसासऱ्यांची. तिच्यावर भय्यासाहेबांचा, म्हणजे वहिनींच्या यजमानांचा, भारी जीव. त्यांचा जन्म गेला कलेक्टर कचेरीत, हत्यारांच्या लायसनची बाबूगिरी करण्यात. मालक मेला की बंदूक जमा होते आणि वारसांची वाट बघत गंजत पडते, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. आपल्या घरच्या बंदुकीची तशी गत होऊ द्यायची नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग काय, बाबूच तो! मागच्या अंगणात मल्हारीचं हातभर देऊळ होतं, त्याचा 'मल्हारी संस्थान' म्हणून रीतसर ट्रस्ट केला. बंदूक देवाची म्हणून ट्रस्टच्या नावावर चढवली, लायसनही ट्रस्टचं. ट्रस्टी म्हणून स्वतः, जयूवहिनी आणि देवास गेटजवळ राहणारे चुलतभाऊ वसंतराव. बंदूक सांभाळायला मात्र सरकारदरबारी एकच माणूस नेमलेला, तो भय्यासाहेब. टावर चौकात पोहे-जलेबी खाताना चारचौघांना सांगायचे, "माणूस मरतो हो, ट्रस्ट मरत नाही." मरणाचा असा पक्का बंदोबस्त केला होता गृहस्थानं. पण विसरण्याचं काय करायचं, ते त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

आधी त्यांच्या डोक्यातून नावं गेली, मग रस्ते. श्रावणात एका सकाळी दूधवाल्यानं कडी वाजवली, तर भय्यासाहेब बंदूक रोखून दारात. "कौन है? वहीं रुक जा!" दूधवाला कॅन टाकून पळाला. बंदूक रिकामी होती, पण ते वहिनींना नंतर कळलं. तोवर बाई उंबऱ्यातच मटकन बसल्या होत्या.

त्या दिवसापासून काडतुसं लपवण्याचा उद्योग सुरू झाला. तांदळाच्या डब्यात, गव्हाच्या कोठीत, गादीखाली. फेकून द्यावीत तर एकेकाचा हिशेब सरकारात, वसंतरावांकडे द्यावीत तर त्यांनी ठेवणं गुन्हा. आणि अलमारीची किल्ली भय्यासाहेबांच्या जानव्याला. ती आंघोळीलाही उतरत नसे.

पुण्याहून मुलाचा, अपूर्वचा फोन आला. "आई, राग नको मानूस. ती बंदूक घरात आहे तोवर मी मुक्ताला आणणार नाही." मुक्ता म्हणजे त्यांची एकुलती एक नात. वहिनींनी राग नाही मानला. पोरगं खरं तेच बोलत होतं. फोन ठेवून त्या नुसत्या रडल्या.

मग पोलीस थान्याचा चक्कर झाला. टीआय, म्हणजे तिथला इन्स्पेक्टर, भला होता. "माताजी, बंदूकवाले की दुकान में जमा करा दो। पर अर्जी पर भाईसाहब के दस्तखत लगेंगे। नहीं तो हम घर आकर उठा लेंगे।" घर आकर! म्हणजे जीप, शिपाई आणि सगळी गल्ली दारात. ज्या माणसानं हयातभर लोकांची लायसनं तपासली, त्याच्याच दारात पोलीस? वहिनी "देखती हूँ" म्हणून उठल्या. वसंतराव तर हात झटकून मोकळे. "भय्यानं सही केली तर मी पण करतो. पण तो सात जन्मात करणार नाही."

खरंच होतं ते. वहिनींनी नुसता विषय काढला तर भय्यासाहेब लालबुंद झाले. "देवाची वस्तू आहे! तू कोण देणारी?" आणि दोन दिवस बंदूक त्यांच्या मांडीवरून उतरली नाही.

खंडेनवमी आली. वर्षातून एकदा या दिवशी बंदुकीला हळदकुंकू लागायचं. भय्यासाहेबांना बायकोचं नाव आठवायला वेळ लागे, पण पूजा हातांना पाठ होती. सोवळं नेसून त्यांनी अलमारी उघडली, बंदूक मल्हारीपुढे पाटावर ठेवली, फुलं वाहिली. वहिनी नैवेद्याचं ताट घेऊन अंगणात आल्या आणि जागच्या जागी थिजल्या. भय्यासाहेब भंडाऱ्याचा पितळी डबा उघडत होते. तो नवमी आणि चंपाषष्ठीलाच उघडायचा, म्हणून गेल्या आठवड्यात, नवमी तोंडावर आलीय हे धास्तीत विसरून, बाईंनी काडतुसं त्यातच पुरली होती! देवाजवळ सुखरूप राहतील म्हणे. घ्या आता!

हळदीनं माखलेली काडतुसं भय्यासाहेबांच्या तळहातावर आली. त्यांनी ती निरखून पाहिली. मग बंदूक उचलली आणि कट्‌कन मधोमध मोडून उघडली. भय्यासाहेबांनी नळ्या उजेडाकडे धरून आरपार पाहिलं, रिकामीच मिटली आणि पाटावर ठेवली. काडतुसं लांब, देवळाच्या पायरीवर ठेवली. आणि वहिनींकडे वळले ते कचेरीतल्या टेबलापलीकडच्या माणसाकडे बघावं तसे.

"बाईजी, ये बंदूक किसकी है?"

चाळीस वर्षांच्या संसारात ते बायकोशी कधी हिंदीत बोलले नव्हते. "ट्रस्ट की," त्या कशाबशा म्हणाल्या.

"घर में कौन-कौन है?"

"मैं... और मेरे पति. उन्हें आजकल कुछ याद नहीं रहता."

हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. पडलं ते नेमकं भय्यासाहेबांसमोरच.

"फिर घर में क्यों रखी है? और कारतूस भी साथ में? कल कुछ हो गया तो? कागज लाइए."

वहिनी धावत कागद-पेन घेऊन आल्या. भय्यासाहेबांनी तिथेच पायरीवर बसून अर्ज लिहिला. एकटाकी, कुठे खाडाखोड नाही. "लीजिए. अब नीचे उनके दस्तखत लगेंगे. बुलाइए उनको."

वहिनींनी अर्ज हातात घेतला.

"बुलाइए ना! मेरे पास दिनभर बैठने का टाइम नहीं है."

त्यांच्याकडे बघून हाक मारवेना. वहिनींनी घराकडे तोंड केलं आणि रोज चहाला मारायच्या तशी हाक मारली, "अहो... जरा येता का?"

"काय गं जयू?" पाठीमागून आवाज आला.

वहिनी वळल्या. कागद त्यांच्याच हातात होता. खोटं बोलणं जिवावर आलं. "सही हवीय तुमची. बंदूक जमा करायचीय."

भय्यासाहेबांनी अर्ज सावकाश वाचला. आता चिडतील, फाडून टाकतील, म्हणून वहिनी देवाचा धावा करत होत्या.

"मसुदा कुणी केला गं?" ते म्हणाले. "पक्का माणूस दिसतो. चूक काढायला जागा नाही." आणि सही ठोकली. मग जानव्याची किल्ली सोडून वहिनींच्या हातावर ठेवली. "त्या बाबूला तसाच नको पाठवू. चहा पाज."

वहिनी आत गेल्या. आधण ठेवलं आणि पदर तोंडात कोंबून हमसून हमसून रडल्या. आता मुक्ता येईल, या आनंदाचं रडू होतं, आणि नवऱ्याला फसवल्यासारखं वाटत होतं त्याचंही होतं. साखरेचा डबा हातात घेतला. भय्यासाहेबांना साखर किती लागते, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. तरी त्यांनी डोळे पुसले आणि अंगणाकडे तोंड करून विचारलं, "अहो, साखर किती घालू?"

आणि उत्तर मराठीत येतं की हिंदीत, म्हणून कान देऊन उभ्या राहिल्या.