सर्वोचा दांडा हलवून घ्या

"आजी, तुम्ही बाहेर बाकड्यावर बसा, हे तुमच्या कामाचं नाय." आज दुकानदारानं मला असं सुनावलं! बरं, राम राम मंडळी.

माझी नात कोमल रिमोटवरचं छोटं हेलिकॉप्टर उडवती. त्याची पाती वळवणाऱ्या बोटाएवढ्या तीन मोटरी असत्यात, त्यांना सर्वो म्हणतात. त्यांनी दगा दिला अन् हेलिकॉप्टर दोनदा आपटलं. आज कॉलेजच्या संघाची निवड होती. तिसऱ्यांदा पडलं असतं तर कोमलचं नाव कटलं असतं. म्हणून सकाळीच नवे सर्वो घ्यायला आम्ही दोघी दुकानात गेलो.

मी काय बसते बाकड्यावर! पाच सर्वो काढायला लावले, "करंट दे" म्हणलं. मेंढी घेताना आम्ही तिचे दात हलवून बघतो, तसा एकेकाचा दांडा बोटानं हलवला. करंट असूनही दोन लुळे निघाले.

"आजे, ह्यांच्या आतली चाकं प्लास्टिकची हायेत," कोमल म्हणली.

बाकीचे तीन धातूच्या चाकांचे, गच्च अन् गप. तेच घेतले.

दुपारी निवडीला पडेगावकडच्या आटलेल्या तळ्यात हेलिकॉप्टर घारीवानी हवेत एका जागी थांबलं. कोमल पहिली आली!

सरांनी विचारलं, "सर्वो कुणी निवडले?" मी पुढं झाले.

तुम्ही दांडा हलवून घेता, का डब्यावरचं चित्र बघून? ज्यांचं आपटलंय त्यांनीच सांगा. नुसते लाईकचे अंगठे दाखवणाऱ्यांनी गप बसा.